उन्हाळ्यात धबधब्याला जायचंय? कोल्हापूरकर सारखे विचारतात ते प्रश्न

रंगपंचमी झाली की मेसेज चालू होतात, "दादा, या रविवारी कुठला धबधबा?" आणि खाली जुलैमध्ये काढलेला फोटो. दरवर्षी तीच उत्तरं टाईप करून बोटं दुखायला लागली म्हणून सगळं एकदाच इथं लिहून ठेवलंय. नंबर दिलेत, कारण एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं असतं. तिथं "अमका नंबर बघा" म्हटलंय, तो खरंच बघा.

१. उन्हाळ्यात धबधब्याला पाणी असतं का हो?

बहुतेक ठिकाणी नसतं. राऊतवाडी, बर्की, आंबोलीच्या वाटेवरचा नांगरतास, सगळे पावसावर जगणारे धबधबे आहेत. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपल्या शहरात हजाराच्या आसपास, म्हणून लोकांना वाटतं की एवढा पाऊस पडतो तिथं पाणी संपेलच कसं. पण तो सगळा पाऊस चार महिन्यांत येतो, आणि धबधब्याच्या वरचा पाणी गोळा होणारा भाग असतो जेमतेम एवढासा, कारण धबधबा ऐन कड्याच्या टोकाला आहे. खाली काळा पाषाण, पाणी मुरणार कुठं, पडलं की वाहून मोकळं. त्यामुळे दिवाळीपर्यंत धार बारीक होते आणि संक्रांतीनंतर बऱ्याच कड्यांवर फक्त काळी ओली रेघ राहते.

त्यातून वाचतात ती दोन प्रकारची पाणी. एक म्हणजे झरा. वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या खडकाळ पठारावर, जांभा दगड असतो, तो स्पंजासारखा पाणी पितो, खालच्या घट्ट थराला ते पाणी अडतं आणि मग कुठल्यातरी कपारीतून उन्हाळाभर ठिबकत राहतं. दुसरं म्हणजे धरणाखालची नदी. भोगावतीवर राधानगरी, कासारीवर गेळवडे, कुंभी आणि तुळशीवर त्यांची त्यांची धरणं आहेत, शेतीला आवर्तन सुटलं की ऐन मे महिन्यातही पात्र वाहतं. म्हणून उन्हाळ्यातलं पाणी शोधायचं तर मान वर करून कड्याकडे बघू नका, खाली कोंडात (धबधब्याखालच्या डोहात) आणि नदीच्या पात्रात बघा.

२. मग जायचंच कशाला? घरात कूलर लावून बसू की!

बसा की, कोण नको म्हणतंय. पण एकदा मे महिन्यात कोरड्या धबधब्याखाली उभं राहून बघा. पावसाळ्यात जिथं उभं राहता येत नाही, डोळे उघडता येत नाहीत, तिथं शांत बसता येतं. पाण्यानं दगड कसा आतून खरवडलाय, रांजणखळगे किती खोल आहेत, आत अडकलेले गोटे घासून घासून कसे लिंबासारखे गोल झालेत, हे सगळं उघडं पडलेलं असतं. पावसाळ्यात उडी मारायची ज्यांना हौस असते त्यांनी तर हे खास बघावं, पाण्याखाली काय दडलेलं असतं ते एकदा दिसलं की हौस आपोआप फिटते.

शिवाय गर्दी नसते, स्पीकर नसतात, आणि करवंदं असतात (नंबर १९).

३. बरं, जायचं ठरवलं. कुठं जाऊ ते नेमकं सांगा.

तुम्हाला सावली पाहिजे, पाणी पाहिजे की चालायला पाहिजे, आधी ते ठरवा, तिन्ही एका जागी मिळणं अवघड.

सावलीसाठी पळसंबे. कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावरून आत जायचं, ओढ्याच्या पात्रातच अखंड दगडातून कोरलेली छोटी मंदिरं आहेत आणि वर दाट झाडी. पाणी किती असेल ते आदल्या पावसाळ्यावर आहे, पण सावली कुठं जात नाही. ट्रेक म्हणण्याएवढं चालणं नाही, घरच्यांना घेऊन जायला झकास.

पाण्यासाठी आजऱ्याचं रामतीर्थ. गावापासून जवळ, हिरण्यकेशीचं खडकाळ पात्र, राममंदिर, घाट. पावसाळ्यातला रौद्र अवतार उन्हाळ्यात नसतो, पण खडकांमधून वाट काढणारं पाणी बघायला मिळण्याची शक्यता इथं बऱ्यापैकी आहे.

त्याच नदीचा उगम बघायचा तर पुढं आंबोलीला, कोल्हापुरातून साधारण ११०-१२० किलोमीटर. गुहेतून पाणी येतं, महादेवाचं स्थान आहे, भर उन्हाळ्यात तिथं पाय टाकला की गारवा कळतो. पण ते स्विमिंग टँक नाही. या पाण्यात शिस्टुरा हिरण्यकेशी नावाचा छोटा मासा २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवला आणि २०२१ मध्ये सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. साबण, शाम्पू, कपडे धुणं असलं काही तिथं करताना दिसलात तर मी ओळख दाखवणार नाही.

चालायचंच असेल तर दाजीपूरचं जंगल, पण तिथले नियम वेगळे आहेत, नंबर १५ वाचल्याशिवाय निघू नका.

राऊतवाडी आणि बर्की? उन्हाळ्यात कोरडा कडा बघायची तयारी असेल तर जा. धबधबा म्हणून जायचं तर नंबर २१.

४. पण मी रील बघितलं, एप्रिलमध्येच धो धो पाणी होतं!

रील एप्रिलमध्ये टाकलेलं असतं भावा, काढलेलं नाही. त्यातल्या लोकांच्या अंगावर रेनकोट आहे का आणि मागचा डोंगर हिरवा आहे का ते बघा. उन्हाळ्यात सड्यावरचं गवत वाळून पार पिवळं झालेलं असतं. मागं हिरवंगार आणि कमेंटमध्ये "आत्ताचं आहे का?" याला उत्तर नाही, म्हणजे समजून जायचं. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे त्या गावातल्या एखाद्या चहावाल्याला नाहीतर ओळखीतल्या माणसाला फोन करणं. "पाणी हाय का?" एवढंच विचारायचं. तो म्हणाला "हाय की थोडंफार" तर समजायचं की नाही.

५. किती वाजता निघायचं?

उजाडायच्या आत. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा तुम्ही पायथ्याला पाहिजे, कोल्हापुरात रंकाळ्यावर चहा पीत नव्हे. अकरापर्यंत पाण्याजवळ पोचून सावली धरायची, दुपार तिथंच काढायची नाहीतर अकराच्या आत परत फिरायचं. बारा ते साडेतीन उघड्या सड्यावर चालणं बंद म्हणजे बंद.

यात एक गंमत आहे. मेच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास कोल्हापुरात शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर. शाळेत मुलांना हे दाखवायला छान आहे पण ट्रेकरला त्याचा अर्थ असा की भर दुपारी उभा कडासुद्धा सावली देत नाही. झाड लागतंच.

आणि घाटमाथ्याचे मोठे कडे पश्चिमेला, कोकणाच्या बाजूला तुटतात. त्या कड्याच्या पोटात सकाळी सावली असते आणि दुपारनंतर दगड तव्यासारखा तापतो. "संध्याकाळी ऊन उतरल्यावर जाऊ" हा प्लॅन तिथं फसतो, संध्याकाळीच ऊन तोंडावर येतं. वर वळवाची भीती, तो नंबर १० ला आहे.

६. पाणी किती न्यायचं? वाटेत झरा आहे म्हणतात.

माणशी तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा. पाच तासांचा ट्रेक असेल तर तीन-चार लिटर, आणि गाडीत वेगळं. "आम्ही दोघं मिळून दोन लिटर" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसूही येत नाही. झरा आहे हे खरं असू शकतं, पण या वर्षी आहे का आणि आज आहे का हे तुम्हाला तिथं गेल्यावर कळणार. झरा धरून हिशोब करायचा नाही, मिळाला तर बोनस.

झऱ्याचं पाणी प्यायचं तर गाळून आणि उकळून, नाहीतर क्लोरीनची गोळी टाकून. उन्हाळ्यात त्या एका डबक्यावर गवे, माकडं, गुरं, सगळं गाव येतं. दिसायला नितळ असतं, पण पोटाला ते कळत नाही.

नुसतं पाणी पीत राहू नका, घामातून मीठ जातं. ओआरएसची दोन पाकिटं खिशात टाका. ती नसतील तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे माप बरोबर आहे, अंदाजे मूठभर मीठ टाकू नका. ताक, कोकम सरबत उत्तम.

७. जाता जाता मिसळ खाऊन गेलं तर चालतंय का?

मिसळीला नाही म्हणायला माझी जीभ वळत नाही, पण पहाटे झणझणीत कट पिऊन आठ वाजता चढ चढायला लागलात की तहान भागत नाही आणि पोटात जाळ होतो. मिसळ परतीच्या वाटेवर. सोबत काकडी, दहीभात, धपाटे, गूळ-शेंगदाणे, थोडं भडंग. खर्डा-भाकरी पण चालते, खर्डा जरा बेतानं.

८. पायात काय घालू? कोल्हापुरी चालेल?

पायताण लग्नात घाला. पकड असलेले बूट पाहिजेत. धबधब्याच्या खडकावर उन्हाळ्यात वाळलेल्या शेवाळाचा काळा थर असतो, कोरडा असताना त्यावर आरामात चालता येतं आणि तुम्ही कोंडातून ओल्या पायानं परत त्याच खडकावर आलात की साबण. घसरून मनगट मोडलेली बरीच मंडळी उन्हाळ्यातलीच आहेत. बाकी पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, कानावर येणारी टोपी नाहीतर पंचा. पंचा सगळ्यात भारी, ओला करून मानेवर टाकता येतो.

९. ऊन लागलंय हे ओळखायचं कसं?

हे नीट वाचा.

आमचंच सांगतो. काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी गगनबावड्याच्या बाजूला सहा जण गेलो होतो, निघायलाच आठ वाजले, कारण एक जण झोपून राहिला. अकराला सड्यावर होतो. धबधब्याच्या जागी कड्यावर ओली रेघ आणि खाली गुडघाभर डबकं, त्यात बेडकांची पिल्लं आणि कडेच्या चिखलावर पाणी प्यायला बसलेल्या मधमाश्या. आमच्यातला एक, गावात रोज दहा किलोमीटर पळणारा, तो गप गप झाला. नंतर एका दगडावर बसला आणि म्हणाला "थंडी वाजतीय." चाळीसच्या घरातल्या उन्हात थंडी! हाताला हात लावला तर अंग गार, चिकट, दंडावर काटा आलेला. आम्ही हसलो. चूक तिथं झाली. दहा मिनिटांनी त्यानं ओकारी काढली, तेव्हा आमचं डोकं चाललं, सावलीत आडवा केला, पाय बॅगेवर ठेवले, शर्ट डबक्यात भिजवून अंगावर घातला, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट दिलं. तासाभरानं उठला. नशीब.

तो होता उष्णतेचा थकवा. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, पायात गोळे, खूप घाम, गार चिकट कातडी. यात माणूस शुद्धीत असतो, सरळ बोलतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे उष्माघात. माणूस बरळायला लागतो, तोल जातो, विचारलेलं कळत नाही, अंग भट्टीसारखं तापतं, आतलं तापमान ४० अंशाच्या वर गेलेलं असतं. घाम थांबतो असं पुस्तकात असतं, पण चालून चालून झालेल्या उष्माघातात घाम चालूही असू शकतो, त्यावर विसंबू नका. बोलणं बिघडलं की उष्माघातच धरा. १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, मिळेल तेवढं पाणी अंगावर ओता, वारा घाला, डोकं वर धरून पाण्यात बसवता आलं तर बसवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. तापाची गोळी देऊ नका, हा तो ताप नाही.

अशक्त माणसालाच ऊन लागतं हा गैरसमज आहे. उलट "मला काय होतंय" म्हणणारा तगडा गडीच थांबायला तयार नसतो.

१०. वळवाचा पाऊस आला तर मजाच की, धबधबा सुरू होईल!

होईल, आणि तुम्ही खाली असाल तर तुमच्या अंगावर होईल.

वळीव बहुतेक दुपारी तीन-चारनंतर येतो. सकाळी आभाळ स्वच्छ, दुपारी घाटाच्या डोक्यावर फुलकोबीसारखे ढग चढायला लागले की परत फिरायचं. पहिलं संकट विजेचं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांच्या आतलं अंतर असेल तर वीज जवळ आहे. उघडा सडा सोडा, एकट्या झाडाखाली जाऊ नका, कड्याच्या टोकावर तर अजिबात नको आणि उथळ कपारीच्या तोंडाशीही बसू नका. आडोसा नसेल तर खोलगट जागी पाय जुळवून उकिडवं बसा, एकमेकांपासून लांब लांब.

दुसरं संकट पाण्याचं. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायलाच पाहिजे असं नाही, वर दोन किलोमीटरवर कोसळला तरी तापलेल्या उघड्या खडकावरून सगळं पाणी एकदम खाली येतं. खुणा सांगतो: नितळ पाणी अचानक गढूळ होणं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येणं, वरून घरघर आवाज. यातलं एक जरी दिसलं तरी मोबाईल, बूट, डबा सगळं तिथंच सोडून बाजूच्या चढावर जायचं. पात्र ओलांडून पलीकडं नाही, आहे त्याच काठावर वर.

११. कोंडात पोहायचं का? उडी मारली तर?

पोहता येत असेल, कोंड माहितीचा असेल आणि गावातलं कुणी "हितं पोरं पोहत्यात" म्हणालं असेल तर उतरा. उडी नाही. गेल्या वर्षी जिथं दोन पुरुष खोल पाणी होतं तिथं पुरात आलेला धोंडा बसलेला असू शकतो, आणि उन्हाळ्यात पातळी कमी, म्हणजे तुम्ही मारणार ती उडी दगडावरच. आधी चालत उतरा, काठीनं तळ बघा. एक दोर आणि रिकामा पाच लिटरचा कॅन सोबत ठेवा, कुणी गटांगळ्या खायला लागला तर त्याच्याकडं फेकायला. स्वतः उडी टाकून वाचवायला गेलं की एकाचे दोन होतात.

नदीत उतरणार असाल तर धरणातून किंवा बंधाऱ्यातून पाणी सुटणार आहे का याची गावात चौकशी करा. आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) पावसाळ्याच्या तोंडावर काढतात, तेव्हा खालच्या पात्रात पाणी अचानक चढतं. आणि दारू पिऊन पाण्यात जाणाऱ्यांसाठी माझ्याकडे उत्तर नाही.

१२. कड्यावर ते काळं काळं लोंबतंय ते काय?

आग्या मोहोळ. बोट दाखवू नका, दगड तर नाहीच नाही. धबधब्याचा आतून पोकळ कडा ही त्यांची आवडती जागा आणि खालचं डबकं हा त्यांचा पाणवठा, म्हणून उन्हाळ्यात गाठ पडतेच. सेंट, अगरबत्ती, सिगरेटचा धूर, आरडाओरडा, ड्रोन, यानं त्या उठतात. मोहोळ दिसलं तर त्याच्या बरोबर खाली जेवायला बसायचं नाही, हळू आवाजात लांबून जायचं. उठल्याच तर तोंड झाकून पळा, थांबून हात झाडू नका, दाट झाडीत किंवा गाडीत शिरा. पाण्यात बुडी मारायचा सल्ला सिनेमातला आहे, वर आलात की त्या तिथंच असतात. काटे नखानं खरवडून लगेच काढा. बरेच डंख असतील, ओठ-गळा सुजायला लागला, दम लागला तर थेट हॉस्पिटल.

१३. साप?

आहेत. पाण्याजवळ बेडूक, बेडकामागं साप, साधा हिशोब. न बघता कपारीत हात घालू नका, दगडावर बसायच्या आधी काठी आपटा. चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अंगठी-कडं काढा, तो हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा न हलवता ठेवा आणि माणसाला चालवत आणू नका, उचलून आणा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात, तिथून गरज लागली तर कोल्हापुरात सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात). आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. झाडावरच्या हिरव्या चापड्यावर ती लागू नाही, तो चावला तर सूज आणि वेदना भरपूर, तरीही जायचं हॉस्पिटललाच, कारण कुठला चावला हे आपण ठरवायचं नसतं. साप पकडून न्यायची गरज नाही, लांबून फोटो निघाला तर ठीक.

१४. गवा किंवा अस्वल समोर आलं तर काय करायचं?

उन्हाळ्यात पाणी कमी, त्यामुळं तुम्ही ज्या डबक्यावर निघालाय त्याच डबक्यावर तेही निघालेले असतात, फक्त त्यांची वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची. म्हणून पाण्याजवळ मुक्काम करू नका. गवा शांत दिसतो, पण एकटा नर असेल तर त्याच्या वाटेत थांबू नका, मागं मागं सरका. अस्वल मे महिन्यात करवंदं-जांभळांवर असतं, जाळीत तोंड घालून खात असताना त्याला आपली चाहूल लागत नाही, आणि अचानक समोरासमोर आलं की ते अंगावर येतं. यावर उपाय साधा, दाट वाटेनं जाताना आपापसात बोलत जा. आजरा-चंदगड भागात हत्तीही फिरतो. गावकऱ्यांनी "टस्कर आलाय" असं सांगितलं की ट्रेक तिथंच रद्द, फोटोसाठी पुढं जायचं नाही. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन सेव्ह करून ठेवा.

१५. परवानगी लागते का?

गावाच्या हद्दीतल्या ओढ्यांना सहसा नाही, पण गावात विचारून जायचं ही माणुसकी आहे. काही धबधबे खाजगी जमिनीत आहेत, तिथं प्रवेश फी असते, द्या. राधानगरी अभयारण्याचं वेगळं. दाजीपूरचं जंगल १९५८ मध्ये अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला त्यात राधानगरीही आहे. तिथं गेटवर नोंद आणि फी, संध्याकाळच्या आत बाहेर, पायवाट सोडून ओढ्यात उतरणं नाही. पावसाळ्यात जंगल बंद ठेवतात, म्हणजे गंमत अशी की तिथं जायचा हंगाम हा कोरडाच.

१६. गोचिडीचं काय ऐकलं मी?

बरोबर ऐकलं. पावसात जळवा, उन्हाळ्यात गोचीड. जळू नुसती रक्त पिते, गोचिडीचं प्रकरण गंभीर होऊ शकतं. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली होती, तो गोचिडीतून पसरतो आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. तिलारी-चंदगडच्या अंगानं जाणार असाल तर पँट मोज्यात खोचा, पाचोळ्यावर लोळू नका, घरी आल्यावर कानामागं, काखेत, कमरेला बघा आणि गरम पाण्यानं आंघोळ करा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनविभागाला कळवा. आठवडाभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरला "जंगलात जाऊन आलोय" हे स्वतःहून सांगा, तो विचारेलच असं नाही.

१७. गाडी नाही. एसटीनं होईल का?

गगनबावडा, राधानगरी, आजरा, तिन्हीकडे एसटी जाते, आणि महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट. अडचण परतीची आणि पहाटेची. पहिल्या गाडीनं गेलं तरी चालायला आठ-साडेआठ होतात, म्हणून एसटीनं जाणाऱ्यांनी पळसंबे किंवा रामतीर्थासारखी कमी चालायची जागा धरावी. शेवटची गाडी किती वाजता ते स्टँडवर विचारून जा, मोबाईलवरच्या वेळापत्रकावर जाऊ नका.

१८. लहान मुलं आणि आजी येणार म्हणतात.

येऊ देत, नंबर ३ मधल्या पहिल्या दोन जागा. पोरं खेळण्याच्या नादात पाणी मागत नाहीत, दर वीस मिनिटांनी आपणच पाजायचं. आजीला बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारून, काही गोळ्यांनी लघवी जास्त होऊन अंगातलं पाणी लवकर कमी होतं. आणि आजीनं सांगितलेली झाडांची नावं लिहून घ्या, ती कुठल्या ॲपात नाहीत.

१९. करवंदं तोडलेली चालतात का?

वाटेवरची मूठभर खा, अभयारण्यात मात्र हात लावायचा नाही. पण ऐका, वाटेवर एखादी मावशी पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं, तोरणं घेऊन बसलेली असेल तर तिच्याकडून घ्या. ती पहाटे जाळीत शिरून काटे खाऊन आलेली असते. आमच्यातल्या एकानं एकदा दहा रुपयांवरून घासाघीस केली, तर मावशीनं नुसता हात पुढं केला, मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे आणि बोटांना चिकानं आलेला काळपट थर. त्यानं दोन द्रोण घेतले, सुट्टे परत मागितले नाहीत.

२०. चूल मांडून रस्सा केला तर?

मार्च ते मे, नाही. वाळलेलं गवत, वारा आणि एक ठिणगी, वणवा चढावर माणसाच्या पळण्यापेक्षा वेगानं चढतो. सिगरेटचं थोटुक पण त्यातच आलं. लांब वणवा दिसला तर त्याच्या वरच्या अंगाला थांबू नका, आधीच जळून गेलेल्या काळ्या पट्ट्यात किंवा ओढ्याच्या उघड्या खडकावर या. तांबडा-पांढरा घरी येऊन करा.

२१. मग पडता धबधबा बघायला नेमकं कधी जाऊ?

मान्सून जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पोचतो, पण पहिलं पाणी तापलेली जमीन पिऊन टाकते. जूनच्या शेवटाला धारा लागतात, जुलै-ऑगस्टला जोर असतो आणि तेव्हाच अपघात जास्त, बऱ्याच ठिकाणी प्रशासन बंदीही घालतं. मला विचाराल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. पाणी नितळ, सड्यावर फुलं, गर्दी निम्मी. फक्त ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं, हिरवं बघून पाणी कमी नेतात लोक, तेव्हा नंबर ६ आणि ९ तेव्हाही लागू.

२२. रेंज नसते म्हणे, मग?

नसते. मॅप ऑफलाइन उतरवून घ्या, घरी वेळ सांगून जा, "सातपर्यंत फोन आला नाही तर अमक्याला कळव" असं. वाट चुकली तर ओढा धरून खाली उतरायचं नाही. लोक म्हणतात ओढा गावाला जातो, आपल्याकडे तो आधी कड्याला जातो. आल्या वाटेनं मागं फिरा.

२३. आमचा टॉमी पण येतो प्रत्येक ट्रेकला. उन्हाळ्यात आणू का?

अभयारण्यात कुत्रं चालत नाही. बाकी ठिकाणी खडकावर पालथा हात ठेवा आणि सात आकडे मोजा. हात उचलावा लागला तर त्याच्या पायालाही तोच चटका. त्यात बिबट्याला कुत्रं आवडतं. टॉमीला ऑक्टोबरला आणा, पट्टा लावून.